जुनी फोर बाय फोर एटीव्ही घेताय? आधी पाणी आणि धूळ कुठपर्यंत गेलीय ते शोधा

जुनी फोर बाय फोर क्वाड (म्हणजे एटीव्ही, कच्च्या वाटांवर हँडलने चालवायची चार चाकी गाडी) घ्यायचीय असं कोणी म्हटलं की मी पहिलं विचारतो, बघायला जाताना टॉर्च नेणार आहात ना? कारण बहुतेक लोक काय करतात, गाडीभोवती दोन चकरा मारतात, सीटवर बसून बघतात, स्टार्टर दाबतात, आवाज ऐकून "छान आहे" म्हणतात, मीटरवरचे किलोमीटर बघतात आणि लगेच भाव करायला लागतात. या गाडीचं खरं दुखणं यातल्या एकाही ठिकाणी दिसत नाही. ते सापडतं सीटखाली, एअर फिल्टरच्या डब्यात, पुढच्या डिफ्रेन्शियलच्या (दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याच्या) तेलात, खालच्या संरक्षक पत्र्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे जिथे पाण्याचा पाईप मारून धुतलं तरी चिखल निघत नाही तिथे.

माझी पहिली जुनी क्वाड मी अशीच वरवर बघून घेतली होती. इंजिन एका झटक्यात चालू व्हायचं, प्लास्टिक चकाचक, टायर जवळपास नवे. दीड महिन्यात पुढून घरघर यायला लागली, डिफ्रेन्शियलचा खालचा नट खोलला तर तेलाऐवजी राखाडी दुधाळ पाणी आलं आणि त्यात लोखंडाची चमचमणारी भुकटी. बेअरिंगं गेलेली, आतल्या क्राऊन-पिनियन गिअरचे दात खाल्लेले. विकणारा खोटं बोलला असं मी म्हणणार नाही, तो फोर व्हील कधी लावतच नव्हता त्यामुळे त्याला बहुतेक माहीतच नसावं. पण तो एक नट खोलून बघायला दहा मिनिटं लागली असती, आणि ती दहा मिनिटं मी दिली नव्हती. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

सुरुवात गाडी शोधण्याआधी करा, म्हणजे आपल्याला नक्की कशाला हवीय ते ठरवा. इथे मी बोलतोय ती कामाची, म्हणजे युटिलिटी क्वाड, पुढेमागे सामान ठेवायचे रॅक, लो आणि हाय रेंज (जोराच्या हळू कामाला लो, नेहमीच्या वेगाला हाय), दोन चाकी-चार चाकी बदलायचं बटण. होंडाने १९८६ मध्ये फोरट्रॅक्स ३५० फोर बाय फोर आणली तेव्हापासून ही जात बाजारात आहे, त्यामुळे तीस-पस्तीस वर्षं जुन्या गाड्यासुद्धा विकायला निघतात आणि त्यातल्या काही आजही व्यवस्थित चालतात. वजन साधारण पावणेतीनशे ते साडेतीनशे किलो, हे आकडे लक्षात ठेवा कारण ही गाडी उलटून अंगावर आली तर एकट्या माणसाला ती ढकलता येत नाही. म्हणून सीसी जास्त म्हणजे गाडी चांगली हा हिशोब इथे करू नका. झेपेल तेवढीच घ्या. आणि साध्या क्वाडवर मागे कोणाला बसवायचं नसतं, सीट लांब असते ती चालवणाऱ्याला चढ-उतारावर पुढेमागे सरकता यावं म्हणून. दोघांसाठी बनवलेल्या लांब चेसिसच्या गाड्या वेगळ्या येतात, मागे माणूस बसणारच असेल तर तसलीच शोधा. मडगार्डवरचे इशाऱ्याचे स्टिकर वाचा, मोठ्या गाडीवर १६ वर्षांखालच्या मुलांनी चालवू नये असं कंपनीनेच लिहिलेलं असतं, घरात पोरं असतील तर ही गोष्ट विकत घ्यायच्या आधी बोलून ठेवा, नंतर किल्ली लपवत बसण्यापेक्षा बरं.

गिअरबॉक्सचे मुख्य दोन प्रकार. एक बेल्टवाला, ज्याला सीव्हीटी म्हणतात, स्कूटरसारखं नुसतं अ‍ॅक्सिलरेटर दाबा आणि चला, पोलॅरिस, कॅन-अ‍ॅम, यामाहा, सुझुकी, सीएफमोटो यांच्या बहुतेक कामाच्या गाड्या याच प्रकारच्या. दुसरा खऱ्या गिअरचा, पायाने किंवा बटणाने बदलायचा, होंडा बरीच वर्षं यालाच धरून आहे. (होंडाच्याच २००१ ते २०१४ च्या रुबिकॉनमध्ये तेलाच्या दाबावर चालणारा हायड्रोस्टॅटिक गिअरबॉक्स होता, तो समोर आला तर त्यातला जाणकार मेकॅनिक जवळपास आहे का ते आधी बघा.) माझं मत विचाराल तर जो माणूस गाडी सतत पाण्या-चिखलातून नेणार आहे त्याने जुन्यात गिअरवाली बघावी, बेल्टच्या डब्यात पाणी शिरायची कटकटच नाही. पण ज्याला दिवसभर थांबत-निघत काम करायचंय त्याला बेल्टवाली जास्त आरामाची पडते.

आता फोनवर बोलताना. विकणाऱ्याला दोन गोष्टी स्पष्ट सांगा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका आणि धुऊ नका. थंड इंजिन आपल्याला हवंच, कारण गरम झालेलं इंजिन खूप काही लपवतं, आणि चिखल लागलेली गाडी कुठून तेल गळतंय ते दाखवते. तिथे पोचल्यावर पहिलं काम, सायलेन्सरला आणि इंजिनला हात लावून बघा, गरम लागलं तर का चालू केली होती ते विचारा, आणि शक्य असेल तर इंजिन थंड झाल्यावर परत यायची तयारी ठेवा. फोनवर अजून एक विचारायचं, "पुढच्या डिफ्रेन्शियलचं तेल शेवटचं कधी बदललं?" ज्याने गाडी सांभाळलीय तो पटकन उत्तर देतो. ज्याला पुढे डिफ्रेन्शियल असतं हेच माहीत नाही त्याच्या गाडीचं तेल कंपनीतून निघाल्यापासून तेच असायची शक्यता भरपूर. सोबत काय न्यायचं, तर टॉर्च, पान्यांचा सेट, छोटा जॅक, मल्टिमीटर, पांढरा कागद किंवा कापड, आणि कमी दाबाचा टायर गेज, कारण या टायरमध्ये हवा साधारण ५ ते ७ पीएसआय असते आणि कारचा गेज तिथे नीट दाखवत नाही.

पाण्यापासून सुरू करू. सीट काढा. सीटखाली, बॅटरीच्या आजूबाजूला, फ्यूजच्या डब्यात वाळलेला गाळ दिसला तर पाणी किमान तिथपर्यंत आलेलं आहे, मालक काहीही म्हणो. हेडलाईटच्या आत बघा, काचेवर गाळाची आडवी रेघ उमटलेली असते, ती रेघ म्हणजे पाण्याची पातळी. हवेचे पाईप वर हँडलपर्यंत चढवलेले असतील, म्हणजे स्नॉर्कल लावलेला असेल, तर गाडी मुद्दाम खोल पाण्यात नेण्यासाठी तयार केली होती हे उघड आहे, स्नॉर्कल काढून टाकला असेल तर प्लास्टिकला पाडलेली गोल भोकं राहतात. स्नॉर्कलवाल्या गाडीला मी हात लावत नाही असं नाही, पण मग पुढच्या सगळ्या तपासण्या दुप्पट काळजीने करायच्या.

मग तेलं. इंजिनची डिपस्टिक काढा, पांढऱ्या कागदावर थेंब टेकवा. काळं तेल चालेल, काळं म्हणजे जुनं एवढंच. दुधाळ, फेसाळ, करड्या रंगाचं असेल तर आत पाणी किंवा कूलंट गेलंय. एकदम नवं सोनेरी तेल असेल तर तेही विचारा, कधी बदललं आणि जुनं कसं निघालं. त्यानंतर पुढचं आणि मागचं डिफ्रेन्शियल, दोन्हींना तेल भरायचा प्लग असतो, मालकाची परवानगी घेऊन तो खोला आणि बारीक काडीने किंवा बोटाने तेल बघा, जमल्यास खालून चमचाभर काढा, कारण पाणी जड असल्यामुळे तळाला बसतं आणि वरून बघितलं तर तेल ठीक वाटू शकतं. पाणी आत जातं कसं, तर चालून गरम झालेलं डिफ्रेन्शियल थंड पाण्यात बुडलं की आतली हवा आक्रसते आणि सीलमधून किंवा फाटलेल्या ब्रीदर पाईपमधून (आतली हवा ये-जा करायच्या पाईपमधून) पाणी ओढून घेते. म्हणून डिफ्रेन्शियलवरून वर जाणारे ते बारीक रबरी पाईपसुद्धा टॉर्च मारून बघा, तुटलेले, निघालेले, उंदराने कुरतडलेले सापडतात. ड्रेन नटला लोहचुंबक असतो, त्यावर बारीक करडी पेस्ट असणं नेहमीचं आहे, पण हाताला टोचणारे तुकडे लागले तर व्यवहार तिथेच थांबवा. आणि मालक प्लग खोलायला नाहीच म्हणाला तर मी गाडी घेत नाही. त्याचा हक्क आहे नाही म्हणायचा, आणि आपला हक्क आहे निघून जायचा.

पाण्यापेक्षा जास्त इंजिनं मारते ती धूळ, आणि हिच्याकडे लोकांचं लक्षच नसतं. ओळीत चालणाऱ्या क्वाडमध्ये मागची गाडी पुढच्याची धूळ खात असते, फिल्टर फाटका असेल, नीट बसवलेला नसेल किंवा तेल न लावता घातलेला असेल तर बारीक धूळ सरळ इंजिनात जाते आणि पिस्टन रिंग आणि सिलेंडर यांच्यामध्ये पॉलिश पेपरसारखं काम करते. तपासायचं सोपं आहे. एअर बॉक्स उघडा, फिल्टर काढा, आणि फिल्टरच्या पुढे, म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या पाईपात, स्वच्छ पांढऱ्या कापडात बोट गुंडाळून आतून फिरवा. कापड स्वच्छ निघायला पाहिजे. रेवेसारखं खरखरीत लागलं, माती निघाली, तर ते इंजिन धूळ प्यायलंय, आज बरं चालत असेल पण आयुष्य कमी झालंय, आणि किंमत ठरवताना इंजिन उघडायचा खर्च धरूनच बोला, नाहीतर सोडा. एअर बॉक्सच्या तळाला गाळाचा थर, पाण्याचे डाग, हेही तिथेच दिसतं. मी आता कुठलीही क्वाड बघायला गेलो की सगळ्यात आधी एअर बॉक्स उघडतो, बाकी सगळं नंतर.

आता इंजिन थंड असतानाच चालू करा. कार्बोरेटरवाल्या जुन्या गाडीला चोक लागेल, त्यात काही वावगं नाही, पण फ्युएल इंजेक्शनवाल्या गाडीने फार नखरे न करता चालू व्हायला हवं. पहिल्या मिनिटात मागे कोणाला तरी धूर बघायला उभं करा. निळसर धूर आणि तेलाचा वास म्हणजे तेल जळतंय. पांढरी वाफ थंड हवेत थोडा वेळ येतेच, पण इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर गोडसर वास मारत राहिला तर कूलंट जळतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त, तो बहुतेकदा फिल्टर किंवा कार्बोरेटर साफ करून जातो. बराच काळ उभ्या असलेल्या गाडीत जुनं पेट्रोल चिकट होऊन कार्बोरेटरची बारीक भोकं बुजवतं, अशा गाडीचं आयडलिंग वरखाली होत राहतं, ते फार घाबरायचं दुखणं नाही पण "फक्त कार्बोरेटर साफ करायचाय" हे वाक्य विकणारे इतक्या वेळा वापरतात की साफ केलेला बघितल्याशिवाय मानू नका. पाण्यावर थंड होणारं इंजिन असेल तर चालू करण्याआधी, पूर्ण थंड असताना, रेडिएटरचं झाकण काढा, कूलंट गंजलेलं की स्वच्छ ते बघा, मग चालू करून दोन मिनिटं बघत राहा. सतत बुडबुडे येत राहिले तर हेड गॅस्केटवर (इंजिनच्या हेडखालच्या सीलवर) संशय. गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडायचं नाही, तोंडावर उकळतं पाणी येतं. रेडिएटरच्या जाळीत चिखल भरून सुकलेला असेल तर ती गाडी कधीतरी तापलेली आहे असं धरून चाला, आणि टेस्ट राईडनंतर पंखा आपोआप चालू होतो का तेही बघा.

कॉम्प्रेशन टेस्ट (सिलेंडरमध्ये दाब किती बनतो ते बघणं) करून घ्यायची असेल तर एक गोष्ट माहीत असू द्या, बऱ्याच क्वाडच्या कॅमशाफ्टला सहज चालू होण्यासाठी डीकॉम्प्रेशनची, म्हणजे सुरू होताना दाब थोडा सोडून द्यायची सोय असते, त्यामुळे गेजवर आकडा कमी येतो आणि माणूस उगाच घाबरतो. त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा हातात ठेवूनच तुलना करा, किंवा मेकॅनिककडे लीक-डाऊन टेस्ट (सिलेंडरमध्ये हवा भरून किती गळते ते बघणं) करून घ्या, ती जास्त खरं सांगते.

आता ज्यासाठी जास्त पैसे मोजतोय ते फोर व्हील ड्राईव्ह. डॅशबोर्डवर चार चाकांचं चित्र उमटलं म्हणजे फोर व्हील लागलं असं समजू नका, तो दिवा बऱ्याचदा फक्त बटण दाबलंय एवढंच सांगतो. आधी गाडी कुठल्या पद्धतीची आहे ते समजून घ्या. जुन्या होंडा फोरट्रॅक्स ३०० सारख्या गाड्या कायम चार चाकांवरच चालतात, बटणच नसतं, हँडल जड लागतं आणि तो दोष नाही. बटणवाल्या गाड्यांत छोटी मोटर किंवा सोलेनॉइड पुढचा शाफ्ट जोडतो. पोलॅरिसची पद्धत मागणीप्रमाणे लागणारी आहे, बटण दाबल्यावर पुढच्या डिफ्रेन्शियलमधल्या कॉइलला करंट जातो पण मागची चाकं घसरायला लागली तरच पुढची ओढायला लागतात, त्या कॉइलची वायर खाली झुडपात अडकून तुटलेली खूप सापडते. कॅन-अ‍ॅमच्या बऱ्याच गाड्यांत विस्को-लॉक असतं, एक पुढचं चाक मोकळं फिरायला लागलं की आतला तेलाचा दाब वाढून दुसऱ्या चाकाला जोर मिळतो.

बटणाने जुळणाऱ्या गाडीची हाताने करायची परीक्षा अशी. सपाट जागा, मागची चाकं जमिनीवर, पार्किंग ब्रेक लावलेला, पुढची बाजू जॅकवर आणि खाली भक्कम ठोकळे, जॅकवर विसंबून खाली हात घालायचा नाही. इंजिन बंद. टू व्हीलमध्ये पुढचं चाक हाताने फिरवलं तर मोकळं फिरायला हवं, कुरकुर न करता. आता किल्ली चालू करून फोर व्हील लावा, काही गाड्यांत दात जुळायला चाक थोडं पुढेमागे हलवावं लागतं, आणि एक पुढचं चाक फिरवा, दुसरं उलट्या दिशेने फिरायला हवं. डिफ लॉक (दोन्ही पुढची चाकं एकत्र जखडायची सोय) असेल तर तो लावल्यावर दोन्ही चाकं अडायला हवीत. पोलॅरिससारख्या मागणीप्रमाणे लागणाऱ्या पद्धतीला ही परीक्षा लागू पडत नाही, ती चालवूनच बघावी लागते. सुट्या खडीच्या किंवा भुसभुशीत मातीच्या चढावर मध्येच थांबायचं, फोर व्हील लावायचं, हळूहळू अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा आणि सोबतच्या माणसाने बाजूला, गाडीपासून लांब उभं राहून बघायचं की पुढची चाकं माती उकरतायत की नुसती लोळत पुढे जातायत. खरं तर कुठल्याही पद्धतीची गाडी असो, ही चढावरची परीक्षा कराच. नंतर खाली उतरून चाकांच्या खुणा बघा, मातीत सगळं लिहिलेलं असतं. पक्क्या रस्त्यावर फोर व्हील लावून वळू नका, तिथे चाकं घसरायला जागा नसते आणि ताण सगळा डिफ्रेन्शियलवर आणि शाफ्टवर जातो.

टायर याच विषयात येतात. टायरवर २५×८-१२ असं लिहिलेलं असतं, म्हणजे उंची २५ इंच, रुंदी ८, रिम १२. पुढचे टायर अरुंद आणि मागचे रुंद हे कामाच्या क्वाडमध्ये नेहमीचं आहे, पण उंची कंपनीने दिलेल्या जोडीप्रमाणेच पाहिजे. कोणी मागे एका उंचीचे आणि पुढे दुसऱ्याच उंचीचे घातले असतील तर फोर व्हीलमध्ये पुढचं-मागचं एकमेकांशी भांडत राहतं आणि झीज वाढते. फार मोठे चिखलाचे टायर दिसायला भारी दिसतात, पण त्यांनी बेल्ट, अ‍ॅक्सल आणि बॉल जॉइंट सगळ्यांवर जास्तीचं वजन टाकलेलं असतं, तेव्हा टायर मोठे दिसले की खुश होऊ नका.

पुढची बाजू वर आहे तोवरच चाक वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडे धरून. वर-खाली प्ले असेल तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग, आडवा असेल तर टाय रॉड एंड. एकेका ठिकाणी थोडा प्ले असणं जुन्या गाडीत चालतं, हे पार्ट बदलता येतात, पण चारही चाकं ढकलली की डुलत असतील तर यादी मोठी होते. सीव्ही जॉइंटवरचे, म्हणजे चाक वळलं तरी ताकद पोचवणाऱ्या अ‍ॅक्सलच्या सांध्यावरचे, घडीचे रबरी बूट प्रत्येक घडी उघडून बघा. फाटलेला बूट म्हणजे ग्रीस बाहेर, माती आत, आणि वळताना टकटक आवाज यायला लागला असेल तर नुसता बूट बदलून भागत नाही, अख्खा अ‍ॅक्सल बदलावा लागतो.

चेसिसला घाई करू नका. खाली आडवं पडून टॉर्च मारा, सस्पेन्शनचे हात जिथे जोडलेत तिथल्या वेल्डिंगला केसासारखी चीर, रंग फुटलेला, मध्येच नवा काळा रंग मारलेला, नंतर केलेलं जाडं वेल्डिंग, हे सगळं शोधायचं. दोन्ही बाजूंचं पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर टेपने मोजा, हँडल सरळ ठेवून, दोन्हीकडे सारखं आलं पाहिजे. गाडी उलटलेली असेल तर रॅक वाकलेला, हँडलचं टोक घासलेलं, मडगार्डच्या वरच्या बाजूला ओरखडे, अशा खुणा राहतातच. उलटलेली गाडी वाईटच असते असं नाही, सावकाश कुशीवर कलंडलेली असू शकते, पण विचारल्यावर मालकाने खरं सांगितलं का यावरून पुढचं बरंच ठरतं.

बेल्टवाल्या गाडीत बेल्टचं झाकण खोलता आलं तर उत्तम, आत काळी भुकटी थोडी असतेच, पण बेल्टच्या कडा काचेसारख्या चकचकीत झालेल्या, चिरा पडलेल्या, धागे निघालेले असतील तर बेल्ट गेला. झाकण खोलता येत नसेल तर खालचा पाणी काढायचा प्लग काढा, गढूळ पाणी आलं तर समजून जा. चालवताना जागेवरून निघताना गाडी थरथरली किंवा जळक्या रबराचा वास आला तर बेल्ट किंवा क्लचच्या पुली झिजल्यात. नुसता बेल्ट बदलणं सोपं काम आहे, पुली जास्त खर्चाच्या, दोन्हींचा फरक मेकॅनिकला विचारून मगच आकडा ठरवा.

वायरिंगमध्ये टेप गुंडाळलेले जोड मोजा. विंच (अडकलेली गाडी दोराने ओढायचं यंत्र), जादा लाईट, हीटेड ग्रिप असं काही लावलेलं असेल तर ते फ्यूज घालून नीट लावलंय की मूळ वायरिंग कापून चिकटवलंय ते बघा. मल्टिमीटरने बॅटरी बंद गाडीत साधारण १२.६ व्होल्ट, आणि चालू करून थोडा रेस दिल्यावर १३.५ ते १४.५ च्या आसपास यायला हवी, नाही आली तर बॅटरी चार्ज करणारा स्टेटर किंवा रेग्युलेटर बिघडलेला असू शकतो. पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन बंद आणि चालू असताना हँडल फिरवून फरक जाणवतो का बघा, तो भाग महागडा असतो. ब्रेकला जुन्या काही गाड्यांत पुढे ड्रम असतात, त्यात पाणी शिरलं की ब्रेक लागतच नाहीत, चालवून खात्री करा. सुझुकी किंगक्वाडच्या काही मोठ्या मॉडेलला मागे तेलात बुडालेला बंदिस्त ब्रेक आहे, तो बाहेरून दिसत नाही म्हणून नाहीच असं समजू नका. पार्किंग ब्रेक चढावर लावून बघा.

मीटरबद्दल थोडं, कारण लोक याच्यावर सगळ्यात जास्त विश्वास ठेवतात. किलोमीटरपेक्षा तास बघा, आणि दोन्ही असतील तर भागाकार करा. २,००० किलोमीटर आणि १५० तास म्हणजे ताशी तेरा, म्हणजे साधारण पायवाटांवर फिरलेली गाडी. तेच २,००० किलोमीटर आणि ५०० तास म्हणजे ताशी चार, ही गाडी माणसाच्या चालीने काम करत राहिलीय किंवा उभी राहून घरघरत राहिलीय, इंजिन वाटतं त्यापेक्षा जास्त चाललंय. मीटर बदललेला असू शकतो, म्हणून पाय ठेवायची जागा, ब्रेक पेडलचं रबर, हँडलच्या ग्रिप, किल्लीचं भोक यांची झीज आकड्याशी जुळते का बघा. शेतात वापरलेली गाडी सहसा सावकाश चाललेली असते, पण खत किंवा फवारणीचं औषध सांडून वायरिंग आणि चेसिस गंजलेलं असतं. बर्फ लोटायचं फाळकं लावून वापरलेली असेल तर पुढचं सस्पेन्शन बसलेलं असतं. भाड्याने फिरवलेली गाडी शंभर जणांनी चालवलेली असते पण सर्व्हिस वेळेवर झालेली असू शकते, तिची पावत्यांची फाईल मागा.

कागदांत सगळ्यात आधी चेसिस नंबर. हल्लीच्या बहुतेक गाड्यांना १७ अक्षर-अंकांचा नंबर असतो, तो चेसिसवर ठोकलेला असतो, इंजिनचा नंबर वेगळा. त्या सतरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, दिसली तर काहीतरी गडबड आहे. नंबर घासलेला, त्यावर वेल्डिंग केलेलं, स्टिकर उचकटलेलं असेल तर कितीही स्वस्तात मिळाली तरी घ्यायची नाही, चोरीची निघाली तर गाडी पण जाते आणि पैसे पण जातात. कागदावरचं नाव आणि समोरच्या माणसाचं ओळखपत्र जुळलं पाहिजे, गाडीवर कर्ज बाकी नाही याचा लेखी पुरावा पाहिजे. तोच चेसिस नंबर कंपनीकडे देऊन रिकॉल (दोष निघाल्यामुळे कंपनीने दुरुस्तीला परत बोलावणं) बाकी आहे का विचारा. रिकॉलची दुरुस्ती कंपनी सहसा फुकट करून देते, दुसऱ्या-तिसऱ्या मालकालासुद्धा, आणि ती बरेचदा करून घ्यायचीच राहिलेली असते.

टेस्ट राईड हेल्मेट घालूनच. पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, हाय, लो, प्रत्येक गिअर पडतो आणि त्यातून निसटत नाही हे बघा. हळू वेगात आठाच्या आकारात फिरवा आणि टकटक ऐका. लो रेंजमध्ये उतार उतरताना अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर गाडी इंजिनने धरली जाते की मोकळी पळते ते अनुभवा. किमान वीस मिनिटं चालवा, इंजिन पूर्ण तापू द्या, मग बंद करून पाच मिनिटांनी परत चालू करा, गरम असताना चालू व्हायला कुरकुरणारं इंजिन थंड असताना गोड वागत असतं. खाली कोरडा कागद ठेवून दहा मिनिटं गप्पा मारा आणि मग कागद बघा.

भाव करताना सापडलेल्या गोष्टी एकेक करून सांगा, टायर, बेल्ट, बॅटरी, बूट, बुश, आणि त्यांचा खर्च आधीच विचारून ठेवलेला असला की बोलणं सरळ होतं, वाद होत नाही. मालकाची गाडी वाईट आहे असं बोलू नका, त्याने कदाचित जीव लावून वापरली असेल. इंजिन, डिफ्रेन्शियल, चेसिस या तिघांपैकी एक जरी गेलेलं असेल तर मात्र भाव कमी करून घेण्याचा मोह टाळा.

आणि घेतलीत तर घरी आणल्या आणल्या सगळी तेलं बदला, इंजिन, गिअरबॉक्स, दोन्ही डिफ्रेन्शियल, शिवाय ब्रेक ऑईल, कूलंट, एअर फिल्टर, नव्या तेलांचे ग्रेड मॅन्युअलमध्ये लिहिल्याप्रमाणेच, कारण काही पुढच्या डिफ्रेन्शियलला वेगळंच खास तेल लागतं आणि साधं गिअर ऑईल घातलं तर फोर व्हील नीट लागत नाही. सगळे ग्रीस निपल भरा. मग दहा तास चालवा, त्यात फोर व्हील मुद्दाम लावून वापरा, आणि डिफ्रेन्शियलचं तेल पांढऱ्या कागदावर परत एकदा काढून बघा. स्वच्छ निघालं तर पुढची सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या तासांवर करा, दुधाळ निघालं तर सील आणि ब्रीदर पाईप बघितल्याशिवाय गाडी पाण्यात घालू नका.